मध्ये पडणारा

मारामारी चालू असताना समोरच्याला मिठी मारणं हा गुन्हा आहे, ही गोष्ट कोकणात वाढलेल्या माणसाला सहजासहजी पटत नाही. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, आणि कबड्डीत सगळी करामत धरण्याची. घोटा धरा, मांडी धरा, कंबर धरा, सातजणांनी मिळून एकाला धरा. जितकं घट्ट धराल तितकी शाबासकी मोठी. घाट चढून वर गेलात तर कुस्ती. तिथंही तेच. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझचं पदक आणलं, ते काही समोरच्याला लांबून नमस्कार करून आणलं नाही. एकंदरीत मराठी माणसाची मैदानावरची प्रगती आलिंगनातून झालेली आहे. अशा मुलखात बॉक्सिंगचा पंच दोघांच्या मिठीत घुसून 'ब्रेक! ब्रेक!' असं ओरडायला लागला, की प्रेक्षक आधी त्याच्यावरच चिडतो.

आमचे मामा असेच चिडले.

मामा म्हणजे एस. टी.तले निवृत्त कंडक्टर. कसालच्या तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. मुंबई-गोवा हमरस्ता कसालवरून जातो आणि मालवणचा रस्ता तिथे त्याला फुटतो. त्यामुळे आमच्या गावचा माणूस जन्मतःच तिठ्यावरचा. कुणी कणकवलीकडे, कुणी कुडाळकडे, कुणी मालवणकडे, आणि उरलेले कुठंही न जाता नुसते जाणाऱ्यांकडे बघत उभे. मामांचा जन्म जाणाऱ्यांना मोजण्यात गेला. दोरी ओढून एक घंटा दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते, एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी उभी नोकरी केली. शिवाय थंडीत वाडीवाडीतून कबड्डीचे सामने होत, तिथं पंच मामाच. भांडण कुणाचंही असो, मध्ये पडायला मामा.

मी निवृत्त होऊन कसालला आलो तेव्हापासून आमची संध्याकाळ त्यांच्या पडवीत जाते. मी बॉक्सिंगचा जुना शौकीन. म्हणजे बघण्याचा, स्वतः मी आयुष्यात डासाखेरीज कुणावर हात उगारलेला नाही. हल्ली पन्नास वर्षांपूर्वीच्या लढती मोबाइलवर बघायला मिळतात. एके दिवशी मी मामांना मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची दुसरी लढत दाखवली. जानेवारी १९७४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बारा फेऱ्या. मामा चष्मा पुसून सरसावून बसले. पहिली फेरी बघितली, दुसरी बघितली. तिसरीला त्यांनी चष्मा काढला.

"ह्यो खेळ हा काय लगीन?" मामांनी विचारलं.

"का हो मामा?"

"मारतत खंय? गळ्यात पडतत! आणि ह्यो तिसरो कोण मधी मधी लुडबुडता?"

तो तिसरा म्हणजे रेफरी. मी मामांना समजावायला घेतलं, आणि समजावता समजावता माझ्या लक्षात आलं, की बॉक्सिंगमध्ये ठोसा समजायला सोपा असतो, मिठी समजायला अवघड.

पहिला प्रश्न, मुळात मिठी मारायचीच कशाला? त्याची कारणं तीन-चार. एक म्हणजे जबर ठोसा बसलेला असतो, डोळ्यांपुढे काजवे नाचत असतात, पायांची पेज झालेली असते. अशा वेळी जो सर्वांत जवळचा खांब असेल तो धरायचा. आणि रिंगमध्ये सर्वांत जवळचा खांब म्हणजे ज्याने ठोसा मारला तोच. दुसरं, दम लागलेला असतो. तिसरं कारण हिशेबी. उंच आणि लांब हाताच्या माणसाला लांबून मारायचं असतं, बुटक्याला आत घुसून मारायचं असतं. बुटका आत घुसला रे घुसला, की उंच माणूस त्याच्या दोन्ही हातांना कवेत घेऊन, वर त्याच्या मानेवर आपलं सगळं वजन टाकून उभा राहतो. बुटक्याचा धंदाच बंद. या प्रकाराला 'क्लिंच' म्हणतात. दिसायला प्रेम, आतून टाळेबंदी.

पूर्वी याला कुणाची हरकत नव्हती. इंग्लंडात उघड्या मुठींनी लढत तेव्हा धरून आपटणं हा लढाईचाच भाग असे. १७४३ साली जॅक ब्रॉटनने नियम केले, त्यात कमरेच्या खाली धरू नका, एवढीच सभ्यतेची अपेक्षा. मग १८६७ साली क्वीन्सबेरीचे नियम आले. एकूण बारा कलमं. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, हातात ग्लोव्ह्ज, हे सगळं त्यातलं. आणि दुसऱ्याच कलमात बजावून टाकलं, की कुस्ती नको आणि मिठ्या नकोत. हे नियम लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्स नावाच्या गृहस्थाने, पण नाव लागलं क्वीन्सबेरीच्या सरदाराचं. मामांना यात नवल वाटलं नाही. सातबाऱ्यावर नाव थोरल्याचं आणि कसतो दुसराच, ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

तर नियम झाला, पण मिठ्या काही थांबल्या नाहीत. हुंड्याला बंदी आली म्हणून देणंघेणं थांबलं नाही, तशातलाच प्रकार. फरक एवढाच, की इथे तिसरा माणूस समोर उभा. या माणसाची मला लढणाऱ्यांपेक्षा जास्त दया येते. लग्नात भटजींचं काम सोपं. अंतरपाट दूर झाला की दोघांना जवळ येऊ द्यायचं आणि आपण दक्षिणेकडे बघायचं. रेफरीचं सगळंच उलटं. जवळ आलेल्यांना लांब करायचं, तेही त्या दोघांचे चारही हात दगडासारखे असताना.

हौशी बॉक्सिंगमध्ये जगभर रेफरीच्या तोंडी तीनच इंग्रजी शब्द असतात. 'स्टॉप' म्हणजे थांबा, 'बॉक्स' म्हणजे लढा, आणि 'ब्रेक' म्हणजे सोडा. ब्रेक म्हटल्यावर दोघांनी एकेक पाऊल मागे जायचं आणि मगच पुन्हा लढायचं. सुटता सुटता जाता जाता एखादा ठोसा देणं हा वेगळा गुन्हा. ऐकलं नाही तर आधी समज, समजेनेही भागलं नाही तर ताकीद. ताकीद मिळाली की गुण गेला, आणि तिसऱ्या ताकिदीला माणूस बाद. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जरा सैल कारभार. तिथे दोघे चिकटले तरी एखाद्याचा हात मोकळा असेल आणि तो त्या हाताने इमानाने ठोसे मारत असेल, तर चांगला रेफरी सोडवत नाही. चालू दे म्हणतो. दोघांचेही हात अडकले, काम थांबलं, की मग हाक देतो. आधी तोंडाने सोडवतो, नाहीच जमलं तर हाताने. शिरतो तोही कडेने, दोघांवर नजर ठेवून. आणि एकाला मागे लोटून दुसऱ्याला जागच्या जागी ठेवत नाही. दोघांना सारखंच लांब करतो.

हे ऐकून मामा एकदम खूश झाले. "बरोबर हा," ते म्हणाले. "कोणाचो हात मोकळो हा, ता आधी बघूक होया."

आणि मग त्यांनी आपला अनुभव सांगितला. मालवणच्या गाडीत खिडकीच्या जागेवरून दोघे प्रवासी एकमेकांच्या गळ्याला लागले. मामा नवे होते, उत्साही होते. त्यांनी धावत जाऊन एकाचे दोन्ही हात मागून धरले. दुसऱ्याने ती संधी साधून त्या धरलेल्याच्या थोबाडीत अशी एक ठेवून दिली, की गाडी घंटा न देता थांबली. ज्याने खाल्ली तो दुसऱ्याला विसरला आणि पुढचा तासभर मामांना शिव्या देत राहिला. "तेचा बरोबर होता," मामा म्हणाले. "मारणारो तो, पण मारूक दिलंय मी."

रेफरीच्या शिक्षणाचा पहिला धडा मामांना असा ऑन ड्यूटी मिळाला होता. एकाचे हात धरणं म्हणजे दुसऱ्याला ठोसा फुकट देणं.

आता अली-फ्रेझरकडे. फ्रेझर बुटका, आत घुसून मारणारा. अली उंच. अलीने त्या रात्री काय केलं, तर फ्रेझर जवळ आला की डावा हात त्याच्या मानेमागे टाकून मान खाली ओढायची आणि लटकून राहायचं. रेफरी टोनी पेरेझ येणार, सोडवणार, पुन्हा तेच. अली निकालात जिंकला. फ्रेझरचा गुरू एडी फच याने नंतर फिल्म लावून ही मानधरणी मोजली आणि आकडा शंभराच्या वर नेला. गुण मात्र एकही गेला नाही. मामांनी आणि मीही मोजायचा प्रयत्न केला. चौतीसला वीज गेली.

फच हा अक्कलवान माणूस. १९७५ साली तिसरी लढत मनिलाला ठरली तेव्हा त्याने ठोशांची चर्चा करण्याऐवजी रेफरीची चर्चा केली. आदल्या वर्षी किन्शासाला अलीने जॉर्ज फोरमनच्या मानेवर मनसोक्त वजन टाकलं होतं. त्या लढतीचा रेफरी झॅक क्लेटन आपल्याला नको म्हणाला. शेवटी कार्लोस पॅडिला हा तिथलाच फिलिपिनो रेफरी नेमला गेला. एक ऑक्टोबरला लढत झाली. अलीचा हात फ्रेझरच्या मानेवर गेला, की पॅडिला तो झटकून टाकी. लहान मूल नैवेद्याच्या ताटाकडे हात नेतं तेव्हा आजी मारते ना, तसा. ती लढत पुढे दंतकथा झाली. गंमत म्हणजे जिंकला पुन्हा अलीच. चौदा फेऱ्यांनंतर फचनेच आपल्या माणसाला पंधराव्यासाठी उठू दिलं नाही. म्हणजे रेफरीने मिठी सोडवली म्हणून निकाल फिरला असं नाही. पण मनिलाला फ्रेझर हरला तो अलीशी लढून. न्यूयॉर्कला तो अर्धा अलीशी आणि अर्धा अलीच्या डाव्या दंडाशी लढत होता.

"मगे लगेच सोडवूक होया," मामांनी निकाल दिला.

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! मी मामांना दुसरी लढत लावून दिली. लास व्हेगास, डिसेंबर २००७. फ्लॉइड मेवेदर आणि इंग्लंडचा रिकी हॅटन. हॅटन हा जवळून लढणारा. समोरच्याला चिकटून, खांद्याने रेटून, बरगड्यांत ठोसे घालणं ही त्याची रोजीरोटी. रेफरी जो कॉर्टेझ. दोघे चिकटले की कॉर्टेझ लगेच मध्ये. हॅटनचा एक हात मोकळा आहे, तो काम करतोय, तरी सोडा! हॅटनच्या लोकांनी बोंब मारली. सहाव्या फेरीत मेवेदर दोरांवर असताना डोक्यामागे मारलं म्हणून हॅटनचाच एक गुण कापला गेला, आणि दहाव्या फेरीत तो पडला. मेवेदर श्रेष्ठ होताच, कदाचित रेफरी कुणीही असता तरी तोच जिंकता. पण हॅटनच्या माणसांची तक्रार हीच होती, की आमच्या गड्याला दुकान उघडायच्या आतच शटर खाली.

म्हणजे पाहा! उशिरा सोडवलं तर धरणाऱ्याचा फायदा, लवकर सोडवलं तर लांबून मारणाऱ्याचा फायदा. दोन्ही वेळा रेफरी स्वतःला निःपक्षपाती समजत असणार, आणि दोन्ही वेळा कुणाचं ना कुणाचं माप झुकतं. मध्ये पडणाऱ्याला तटस्थ राहण्याची सोयच नसते. नुसतं उभं राहिलं तरी ते कुणाच्या तरी बाजूने उभं राहणं होतं.

त्यातून गुण कापायचं म्हटलं की हात थरथरतो. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ असा व्यावसायिक लढतीचा साधारण हिशेब. एक गुण कापला की जिंकलेली फेरी बरोबरीत जाते, आणि एखाद्याचं जगज्जेतेपद एका गुणावर जाऊ शकतं. म्हणून रेफरी शंभर वेळा 'धरू नको' म्हणतात. 'उद्यापासून गृहपाठ नसेल तर वर्गाबाहेर' असं म्हणणाऱ्या मास्तरांसारखं; तो उद्या उजाडतच नाही. व्लादिमिर क्लिच्को हा साडेसहा फुटी जगज्जेता या मिठीवर बरीच वर्षं सुखाने जगला. त्याचाही एक गुण मिठीपायी कापला गेला, तो २०१५ साली ब्रायंट जेनिंग्जविरुद्ध, आणि तोही दहाव्या फेरीत! नऊ फेऱ्या बहुधा प्रस्तावना चालली होती.

पण रेफरीच्या या भिडस्तपणाची खरी किंमत आपल्याला कळली ती २०१२ साली, लंडन ऑलिंपिकमध्ये. आपला विकास कृष्णन आणि अमेरिकेचा एरॉल स्पेन्स. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. विकास १३-११ असा जिंकला. मी समाधानाने झोपलो. सकाळी उठून बघतो तर आपण हरलेलो! अमेरिकेने तक्रार केली, परीक्षकांनी फिल्म पुन्हा पाहिली आणि सांगितलं, की एकट्या तिसऱ्या फेरीत विकासने नऊ वेळा धरलं, आणि रेफरीने समज दिली फक्त एकदा. शिवाय दुसऱ्या फेरीत त्याने तोंडातला गमशील्ड मुद्दाम थुंकला, त्याची ताकीदच दिली नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एका ताकिदीला समोरच्याला दोन गुण. निदान चार गुण स्पेन्सचे राहून गेले. १५-१३, अमेरिका विजयी.

त्या दिवशी आपल्याकडे सगळ्यांनी अमेरिकेला नावं ठेवली. मला मात्र विकासचं वाईट वाटलं ते दुसऱ्याच कारणासाठी. पहिल्या तीन मिठ्यांना रेफरीने दरडावलं असतं, तर तो पोरगा सावरला असता. पुढच्या सहा त्याने मारल्याच नसत्या कदाचित. रेफरी गप्प राहिला म्हणून तो समजला की चालतंय. आणि मग रात्री कुणीतरी येऊन एकदम नवांचं बिल हातात ठेवलं. चुकलं रेफरीचं, दंड भरला लढणाऱ्याने.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या केशीसारख्या झाला."

ही केस म्हणजे मामा आणि आमचे धाकटे मामा, या दोन सख्ख्या भावांमधली. बांधावरचा एक फणस. तो कुणाचा, यावर एकोणीस वर्षं. फणस मोठा झाला, भाऊ म्हातारे झाले, आणि तारखा पडत राहिल्या. तारीख म्हणजे तरी काय? कायद्याने मान्य केलेली मिठीच. ज्याला दम लागला त्याने मागून घ्यायची. कधी मामांच्या वकिलाला ताप, कधी धाकट्यांच्या वकिलाच्या घरी लग्न. दोघे भाऊ तारखेला एकाच एस. टी.ने जात, कारण दुसरी वेळेवर नव्हती. एकाच बाकावर बसत, कारण मामांना ड्रायव्हरमागची जागा मिळे आणि धाकट्यांना गाडी लागे. कोर्टात एकमेकांविरुद्ध शपथेवर बोलत, आणि दुपारी समोरच्या हॉटेलात एकमेकांसमोर बसून भजी खात. पैसे मात्र आपापले. येताना धाकटे मामा विचारत, "फुडची कधी?" आणि मामा तारीख सांगत. एकोणीस वर्षांत त्या दोघांना एकमेकांच्या गुडघेदुखीचा जितका तपशील कळला, तितका डॉक्टरलाही नसेल.

दोन वर्षांपूर्वी लोकअदालतीत तडजोड झाली. फणस अर्धा-अर्धा, मध्ये गडगा घालायचा. सगळ्यांनी पेढे वाटले. 'ब्रेक' म्हटलं गेलं, दोघे एकेक पाऊल मागे गेले. आणि तिथेच उभे राहिले. फणस उतरले की गडी अर्धे या घरी टाकतो, अर्धे त्या घरी. बोलायचं कारण उरलं नाही. मामी गेल्यावर मामा एकटे. धाकट्यांची मुलं मुंबईला. हाकेच्या अंतरावर दोन पडव्या, दोन दिवे, दोन खुर्च्या. मध्ये मी एकदा मामांना म्हटलं, जरा बाहेर पडत जा. तर म्हणाले, "माका आता खंय जावचा असता?"

बॉक्सिंगच्या बाराव्या फेरीत दोन दमलेले मल्ल कधी कधी असे एकमेकांवर रेलून उभे असतात, की कोण कुणाला धरतोय ते कळत नाही. रेफरीला सोडवावंच लागतं, त्याला नियम आहेत. पण त्या क्षणी त्याच्या मनात हे येतच असेल, की हे दोघे उभे आहेत ते एकमेकांमुळेच.

गेल्या महिन्यात एकदाचा गडगा पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामा माझ्या दारात. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, डोळ्यांत मी दोन वर्षांत न पाहिलेली चमक.

"बघलंस? गडगो वीतभर आत घातल्यान! मी काय गप रवूचंय नाय."

माझ्याकडे टेप आहे आणि नोकरीत मोजमापाची सवय झालेली आहे, म्हणून मध्ये पडायला मला बोलावलं. मी गेलो. गडग्याच्या पलीकडे धाकटे मामा आधीच येऊन उभे होते, त्यांनीही दाढी केली होती. दोन्ही बाजूंनी एकदम आवाज चढले. मी तडजोडीचा कागद उघडला, टेप लावला, दोनदा मोजलं. गडगा जिथे हवा तिथेच होता, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नव्हता.

दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बघितलं: दोघांचेही हात मोकळे होते, आणि काम चालू होतं.

"मामा," मी टेप गुंडाळत म्हटलं, "हे असं नुसत्या टेपने नाही कळायचं. मोजणी आणावी लागेल. तुम्हा दोघांनाही तालुक्याला जाऊन अर्ज द्यावा लागेल."

"जाताव मां! फाटफटी जाताव!" मामा गरजले, आणि मग गडग्यापलीकडे बघून, जरा खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "पयली गाडी कितीची रे आता?"